चौदा एप्रिलची रोजी कोण देणार?

वर्ष संपत आले की राज्य शासनाची पुढच्या वर्षाच्या सार्वजनिक सुट्यांची यादी निघते आणि वर्तमानपत्रे ती चौकटीत छापतात. नोकरदार मंडळी आधी कोणती सुटी रविवारी येऊन 'वाया गेली' ते पाहतात. मग आठ-पंधरा दिवसांत एखाद्या प्रस्थापित वृत्तपत्रात ठरलेला लेख येतोच. या देशात सुट्या फार झाल्या, महापुरुषांच्या नावाने सुट्या देणे बंद करा, महापुरुषांनी कधी सुटी घेतली होती काय, वगैरे. वाचायला हे बरे वाटते. आमचेही काही सुशिक्षित बांधव मान डोलावतात. 'बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, मग त्यांच्या जयंतीला सुटी कशाला?' असा प्रश्न आम्हाला आमच्याच माणसांनी विचारला आहे. याचे उत्तर द्यायचे तर ही सुटी आली कोठून, ती कोणाला मिळाली आणि कोणाला अजून मिळालेली नाही, हे पाहावे लागते. यादीत नावे किती, यापेक्षा त्या यादीचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा आमच्या दृष्टीने मोठा प्रश्न आहे.

ही यादी कोणत्या कायद्याखाली निघते, हे बहुतेक नोकरदारांना ठाऊक नसते. माणसाला विश्रांती मिळावी म्हणून केलेला एखादा कायदा असेल, असे कोणालाही वाटेल. तसे नाही. ती निघते १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५ खाली. म्हणजे ज्याला कोर्टात सगळे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट म्हणतात आणि ज्याच्या कलम १३८ खाली न वटलेल्या धनादेशांचे खटले आम्ही वकील मंडळी चालवतो, तोच हा कायदा. हुंडी, वचनचिठ्ठी आणि धनादेश यांचा. हुंडीची मुदत भरण्याचा दिवस सुटीचा आला तर काय करायचे, एवढ्यापुरती 'सार्वजनिक सुटी' इंग्रजांनी त्यात घातली. रविवार आणि सरकार राजपत्रात जाहीर करील ते दिवस, अशी ती व्याख्या. केंद्र सरकारने ८ मे १९६८ च्या अधिसूचनेने हा अधिकार राज्य शासनाकडे सोपविला आणि आजही मंत्रालयातून यादी निघते ती त्याच आधारे.

आता या कलमातली गंमत पाहा. मुदतीचा दिवस सुटीचा निघाला तर ऋणकोला एक दिवस जास्त मिळत नाही. सुटीच्या आदल्या कामाच्या दिवशीच पैसे देय झाले, असे कायदा धरतो. सुटी सावकाराची, घाई कुळाची! याउलट मुदत कायदा, १९६३ चे कलम ४ सांगते की, दावा दाखल करण्याची मुदत न्यायालय बंद असलेल्या दिवशी संपत असेल तर न्यायालय उघडेल त्या दिवशी तो दाखल करता येतो. बंद दिवस एकच, पण एका कायद्यात तो गरजवंताच्या विरुद्ध जातो आणि दुसऱ्या कायद्यात त्याच्या बाजूने. सुटी कोणाकडे वळवायची, हे कायदा करणारा ठरवतो. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

त्याच १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा झाला. शंभर किंवा अधिक मजूर असलेल्या कारखान्यांपुरता. सात वर्षांखालील मुलांना कामाला लावू नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये आणि त्यांना महिन्यातून चार सुट्या द्याव्यात, इतकेच त्यात होते. प्रौढ मजुरांसाठी, मग तो पुरुष असो की बाई, काहीही नव्हते. हुंडीच्या सुटीचा विचार झाला, माणसाच्या सुटीचा झाला नाही.

तो करायला लावला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साडेपाच हजार कामगारांचे निवेदन सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवले. त्यात आठवड्यातून एक दिवस सुटीची मागणी होती. मालक सहजासहजी ऐकणारे नव्हते. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. स्त्रीने चारचौघांत तोंड उघडणे पाप समजले जात होते, त्या काळातली ही गोष्ट आहे. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली आणि पुढच्या वर्षी कारखाना कायद्यात साप्ताहिक सुटी आली. लोखंडे १८९७ साली मुंबईच्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता गेले. आज रविवारी उशिरापर्यंत झोपणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत आहे? रविवारची सुटी इंग्रजांनी त्यांच्या चर्चसाठी दिली, असेच शाळेत अनेकांना वाटत राहते. चर्चचा रविवार साहेबाच्या कचेरीला होता. गिरणीतल्या मजुराचा रविवार एका सत्यशोधकाने भांडून घेतला.

पण लोखंड्यांचा रविवार गिरणीच्या भोंग्यापाशी थांबला. आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीत तो उतरलाच नाही. मारेगाव तालुक्यात काय किंवा सबंध यवतमाळ जिल्ह्यात काय, मोठी शेती सालगड्याच्या जिवावर चालत आली. गुढीपाडव्याला साल ठरते, पुढच्या पाडव्याला ते संपते. मधले तीनशे साठ-पासष्ट दिवस त्या माणसाचे नसतात. दिवसा वखर-डवरा, रात्री ओलित, नाहीतर रानडुकरांसाठी जागल. बैलाला निदान पोळा आहे. आदल्या दिवशी खांदशेकणी होते, बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून शेकतात. पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्याला पुरणपोळी चारतात. चांगली रीत आहे, आमचा तिला विरोध नाही. पण बैल धुवायला नाल्यावर कोण नेतो? सालगडी. झूल कोण चढवतो, शिंगे कोण रंगवतो, तोरणाखाली बैल धरून कोण उभा राहतो? सालगडी! बैलाच्या सुटीच्या दिवशीही त्याला काम असतेच.

आमच्या आजा-पणजांनी सण पाहिले ते असेच, दुसऱ्याच्या अंगणात उभे राहून. गावाचा सण म्हणजे आमच्या वस्तीला जादा काम. लाकडे फोडा, वाजंत्री वाजवा, मेलेले जनावर ओढा आणि रात्री उष्टे-शिळे मागायला दारोदार फिरा. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी जेव्हा सांगितले की शिळे तुकडे मागू नका, मेलेली गुरे ओढू नका, तेव्हा त्यांनी एका अर्थाने या दुसऱ्याच्या सणातूनच आम्हाला बाहेर काढले. पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाविषयी विधेयक आणले. त्यांचे म्हणणे असे होते की, वतनी महाराच्या कामाला तास नाहीत, दिवस-रात्र केव्हाही बोलावणे येते आणि तो गावात नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाने जावे लागते. ज्याच्या वेळेवर त्याचा स्वतःचा हक्क नाही तो माणूस गुलामच. मग त्याला वतनदार म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा.

हाच धागा धरून बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून बसले. त्यांच्या त्या कामाबद्दल आपल्या सभांत फार कमी बोलले जाते. घटनेचे शिल्पकार म्हटले की भाषण संपते. १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन पगारी सुटी आली. एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला पगारासह दहा दिवस, अल्पवयीन कामगाराला चौदा दिवस. १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. पगार न कापता सुटी, हा शब्दप्रयोग आज साधा वाटतो. त्या वेळी तो तसा नव्हता. सुटी मिळणे ही एक गोष्ट आणि सुटीच्या दिवशी चूल पेटणे ही दुसरी. लोखंड्यांनी पहिली मिळवली, बाबासाहेबांनी तिला दुसरी जोडली. या दोन माणसांच्या मध्ये पंचावन्न वर्षांचा कामगारांचा लढा आहे.

मात्र त्या कायद्याची एक मर्यादा होती आणि ती आमच्या कापूसपट्ट्याला नेमकी लागत होती. पगारी सुटी बारमाही कारखान्यांना होती, हंगामी कारखान्यांना नव्हती. सरकी काढणारे, गठाणी बांधणारे जिन-प्रेस हंगामी. ४८ तासांची मर्यादाही बारमाही कारखान्यांचीच. हंगामी कारखान्यांचे तास ६० वरून ५० पर्यंतच खाली आले. आणि ज्या शेतातून तो कापूस येत होता तेथे तर कोणताच कारखाना कायदा पोचत नव्हता. बाबासाहेबांना याची जाण नव्हती असे कोणी समजू नये. संविधानाचे अनुच्छेद ४३ काढून वाचा. कामगाराला निर्वाहापुरते वेतन मिळावे, चांगले जीवनमान मिळावे आणि फुरसतीचा व सामाजिक-सांस्कृतिक संधींचा पुरेपूर उपभोग घेता यावा, यासाठी राज्याने झटावे, असे ते सांगते. तेथे फक्त कारखान्याचा कामगार नाही. शेतकी कामगाराचा उल्लेख औद्योगिक कामगाराच्याही आधी आहे. फुरसत हा शब्द संविधानात आहे, हे आमच्या कित्येक वकील मित्रांच्याही ध्यानात नसते. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर थेट दावा लावता येत नाही, हे खरे. पण राज्य कोणत्या दिशेने चालले आहे हे मोजायला ते पुरेसे आहे.

आता आमच्या मारेगावात मोजू या. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला. शनिवार-रविवार आणि यादीतले सण धरले तर सरकारी नोकराला वर्षाला सव्वाशेच्या आसपास दिवस पगारी सुटी मिळते, रजा वेगळी. आमचा त्याबद्दल राग नाही. आरक्षणाने त्या खुर्च्यांवर आमचीही मुले बसली आहेत आणि त्यांना विश्रांती मिळते याचा आनंदच आहे. पण त्याच गावच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईला वर्षाकाठी किती पगारी सुट्या मिळतात? एकही नाही. वेचणी किलोवर असते. जितके किलो ओट्यात पडतील तितकी मजुरी. निंदण रोजावर, तेंदूपत्ता पुड्यावर. ती घरी राहिली की त्या दिवसाला सुटी म्हणत नाहीत, खाडा म्हणतात. तारीख तीच असते. कचेरीतल्या हजेरीपटावर ती सुटी असते आणि मुकादमाच्या वहीत खाडा.

आपल्या दिवसांचे वेळापत्रक मजुराच्या हंगामाशी ताडून पाहा. ६ डिसेंबरला वेचणी ऐन भरात असते. चैत्यभूमीला जायचे तर वणीहून रेल्वे गाठायची, जाऊन-येऊन तीन-चार दिवसांची मजुरी गेली, वर तिकीट. तरीही माणसे जातात, उसने घेऊन जातात. बुद्ध पौर्णिमा मे महिन्यात, जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो तेव्हा. पहाटे तीनला उठून पत्ता तोडायला गेलेली बाई सकाळच्या धम्मवंदनेला कशी येणार? धम्मचक्र प्रवर्तन दिनाची सुटी तर आपल्याला दसऱ्याच्या नावाने मिळते. यादीत 'दसरा' असे लिहिलेले असते, दीक्षाभूमीचा उल्लेख त्यात नाही. आणि दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी चालू असते. म्हणजे आपले तिन्ही मोठे दिवस मजुराला मजुरी बुडवूनच पाळावे लागतात. बाबासाहेबांच्या नावासाठी सर्वांत जास्त किंमत कोण मोजतो, याचा हिशेब चळवळीने एकदा मांडावा.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या किमान वेतन कायद्यात सात दिवसांतून एक विश्रांतीचा दिवस आणि त्या दिवसाचा मोबदला ठरविण्याची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यातल्या वेतन संहितेतही ती आहे. कागदावर सर्व आहे. शेताच्या धुऱ्यावर ती तरतूद कोणी पाहिली असेल तर आम्हाला दाखवावी.

दुकानांचेही तेच. १९४८ चा जुना दुकाने कायदा लहानमोठ्या दुकानांना सारखा लागू होता आणि तालुक्याच्या कापड दुकानातल्या पोऱ्यालाही आठवड्याची सुटी त्याने दिली होती. त्याच्या जागी राज्याने २०१७ चा नवा कायदा आणला. त्यात आठ पगारी सणाच्या सुट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी मिळून ठरवायच्या. वाचायला छान! पण हा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच पुरता लागू होता आणि २०२५ साली मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. मारेगावच्या बाजारपेठेत वीस नोकर ठेवणारी दुकाने किती? किराणा, कापड, कृषी केंद्र, मोबाईल, हॉटेल, सगळीकडे दोन नाहीतर तीन पोरे. त्या पोरांत आमची, कोलामांची, गोंडांची, मुसलमानांची आणि गरीब कुणब्यांचीही मुले आहेत. कायद्याच्या दृष्टीने ती जवळजवळ सुटीविनाच राहिली. त्याच बैठकीत कारखान्यात दिवसाला १२ तास काम घेण्याची मुभाही मंजूर झाली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असे सरकार सांगते. तेवढे तरी राहिले, कारण तो आकडा पुसायला अजून धीर होत नाही.

यादीतल्या नावांचा प्रश्न बिनमहत्त्वाचा आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. यादी म्हणजे राज्याने मान्य केलेला समाजाचा आरसा असतो. राज्याची २०२५ ची यादी पाहा. चोवीस सुट्या. त्यातल्या प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन आणि स्वातंत्र्य दिन या तीन राज्याच्या आणि देशाच्या. शिवजयंती, आंबेडकर जयंती आणि गांधी जयंती या तीन महापुरुषांच्या. बाकी सर्व धार्मिक. धर्मनिरपेक्ष राज्याची ही यादी! पारशी बांधव संख्येने मूठभर, त्यांच्या नववर्षाला सुटी आहे, असावीच. पण ज्या राज्याचा मुख्यमंत्री, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, भाषणाची सुरुवात 'फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र' अशी करतो, त्या राज्याच्या यादीत ११ एप्रिल नाही आणि २६ जूनही नाही. तिघांतले दोघे बाहेर. सावित्रीमाईंची ३ जानेवारी नाही, संविधान दिनाचा २६ नोव्हेंबर नाही, आमच्या आदिवासी बांधवांचा ९ ऑगस्ट नाही. एक बळीराजा मात्र बलिप्रतिपदेच्या रूपाने कसाबसा आत शिरला आहे.

आणि सुट्या कमी करायच्या म्हटले की कात्री कोठे चालते? २०१७ साली उत्तर प्रदेशात मुख्यमंत्र्यांनी नेमक्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमात सांगितले की महापुरुषांच्या दिवशी शाळा बंद ठेवण्यापेक्षा मुलांना त्यांची माहिती द्यावी. पंधरवड्याच्या आत पंधरा सुट्या रद्द झाल्या आणि त्यांत ६ डिसेंबर होता. त्या यादीत इतरही अनेक समाजांच्या महापुरुषांचे दिवस होते, फक्त आमचाच होता असे नाही. पण कात्री चालली ती मुख्यतः माणसांच्या दिवसांवर. केंद्राची तऱ्हा निराळी. १४ एप्रिलची सुटी केंद्र सरकार दरवर्षी वेगळा आदेश काढून देत आले. २०२० साली तो ८ एप्रिलला निघाला, अवघे सहा दिवस आधी. २०२५ साली २८ मार्चला. भारतरत्न देऊन पस्तीस वर्षे झाली, तरी सुटीसाठी दरवर्षी नवा कागद.

न्यायालयात जावे तर काय होते? जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे दादरा-नगर हवेलीतल्या एका आदिवासी नागरिकाची आणि आदिवासींच्या एका संघटनेची याचिका आली. २ ऑगस्ट १९५४ हा त्या प्रदेशाचा मुक्तिदिन. २०२० पर्यंत असलेली त्या दिवसाची सुटी २०२१ पासून बंद केली गेली होती. न्यायालयाने म्हटले की सार्वजनिक सुटीचा मूलभूत हक्क कोणालाच नाही, ती सरकारच्या धोरणाची बाब आहे आणि सुट्या आधीच भरपूर आहेत, कमी करायची वेळ कदाचित आली असेल. दोन वर्षांनी, २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येतल्या मंदिराच्या सोहळ्यासाठी राज्य शासनाने सुटी जाहीर केली. चार विधी विद्यार्थ्यांनी तिला आव्हान दिले. आदल्या दिवशी, रविवारी, खास बैठक घेऊन न्यायालयाने ती याचिका फेटाळली. कारण तेच, सुटी हा सरकारच्या धोरणाचा भाग. कायद्याचा विद्यार्थी म्हणून पाहिले तर दोन्ही निकालांत सूत्र एकच आहे आणि त्याच्याशी आमचे भांडण नाही. धोरण सरकार ठरवते. आदिवासींचा दिवस गेला तेही धोरण, मंदिराचा दिवस आला तेही धोरण. म्हणजे ही लढाई कोर्टाच्या पायरीवर जिंकण्यासारखी नाही. ती लोखंड्यांनी जेथे लढली तेथेच, मैदानात लढावी लागेल.

जगात हे झाले आहे. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर त्यांच्या नावाच्या सुटीसाठी पंधरा वर्षे चळवळ झाली, लाखो सह्या झाल्या. १९८३ साली कायदा झाला, १९८६ पासून सुटी सुरू झाली. तरी सर्व पन्नास राज्यांनी ती मान्य करायला २००० साल उजाडले. दक्षिण आफ्रिकेने तर वर्णद्वेषी राजवट जाताच यादीच बदलली. शार्पव्हिलच्या गोळीबाराचा २१ मार्च मानवी हक्क दिन झाला, सोवेटोच्या विद्यार्थ्यांचा १६ जून युवक दिन झाला. आणि १६ डिसेंबर, जो गोरे लोक आपल्या विजयाचा दिवस म्हणून पाळत, तो रद्द न करता समेटाचा दिवस केला. 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध लढणाऱ्यांना अर्पण करणाऱ्या जोतिरावांच्या महाराष्ट्राला हे अवघड का जावे?

सुट्या फार झाल्या, ही तक्रार करणारा आणखी एक माणूस आहे आणि त्याचे ऐकले पाहिजे. तो अग्रलेख लिहीत नाही. पोडावरून जातीच्या दाखल्यासाठी येणारा कोलाम, निराधारच्या पगारासाठी येणारी म्हातारी, आपली तारीख आहे म्हणून कोर्टाच्या दारात बसलेला पक्षकार. जोडून तीन दिवस कचेऱ्या बंद असतात हे त्याला कोणी सांगितलेले नसते. यायचे भाडे गेले, त्या दिवसाची मजुरी गेली, काम झाले नाही. त्याच्यासाठी दुसऱ्याची सुटी म्हणजे स्वतःचा खाडा, आणि तोही दुप्पट. न्यायालयांच्या लांबलचक उन्हाळी सुटीचा लाभ आम्ही वकीलही घेतो, पण जामिनाची वाट पाहत आत बसलेल्या माणसाला मे महिना केवढा मोठा वाटतो ते त्याच्या बायकोला विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली उन्हाळी सुटीचे नाव बदलून 'अंशतः कामकाजाचे दिवस' केले. नाव बदलले.

आणि आमच्या नोकरदार बांधवांना दोन शब्द. २०२५ साली १४ एप्रिल सोमवारी आला, शनिवार-रविवार जोडून तीन दिवस मिळाले. आमच्या ओळखीची काही कुटुंबे चिखलदऱ्याला गेली, काही ताडोब्याला. जावे, त्यात गैर काही नाही. अनुच्छेद ४३ मधली फुरसत त्यांनाही आहे. पण ती सुटी पगारी आहे, म्हणजे त्या दिवसाचे पैसे समाजाने त्यांना दिलेले आहेत. १९२८ साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पहिली भीमजयंती साजरी केली तेव्हा कोणत्याही सरकारने सुटी दिलेली नव्हती. आज सुटी आहे आणि विहारातल्या कपाटाला कुलूप आहे, चावी कोणाकडे आहे ते माहीत नाही. डीजेचे पैसे मात्र वेळेवर जमा होतात. जयंतीच्या दिवशी आमच्या घरातल्या बायांना तरी सुटी असते काय? पाहुणे, पुरी-भाजी, खीर, भांड्यांचा ढीग. त्यांना पांढरी साडी नेसून मिरवणुकीला यायचे तर आधी स्वयंपाक उरकावा लागतो. ज्या बाबासाहेबांनी १९२८ साली विधिमंडळात बाळंतिणीच्या पगारी रजेची बाजू मांडली, त्यांच्या जयंतीला एक दिवस पुरुषांनी चूल पेटवली तर आभाळ कोसळणार नाही.

आम्ही सुचवतो ते मोठे नाही. २६ जून आणि ११ एप्रिल यादीत आलेच पाहिजेत, ती मागणी सर्व संघटनांनी मिळून करावी. पण तिच्याबरोबर दुसरी मागणी असली पाहिजे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, १ मे आणि १४ एप्रिल हे चार दिवस शेतमजुराला पगारी सुटी म्हणून मिळावेत, आणि किमान वेतनाचा दर ठरवताना या चार दिवसांचा मोबदला त्यात हिशेबाने धरावा. वर्षाला चार रोज. शेतकरी स्वतःच कर्जात बुडालेला आहे, तो कोठून देणार, हा प्रश्न आम्हाला विचारला जाईल आणि तो खोटा नाही. यवतमाळ जिल्ह्यात राहून तो कोणी टाळू शकत नाही. म्हणूनच ही मागणी पाच एकरवाल्याच्या दारात न्यायची नाही, शासनाच्या दारात न्यायची आहे. कल्याण मंडळ बांधकाम मजुराला आहे, शेतमजुराला का नाही, असे तेथे विचारायचे आहे.

तोपर्यंत हाताशी आहे ते करावे. ज्या आस्थापनांना दुकाने कायदा लागू आहे, तेथल्या कामगारांनी चार ऐच्छिक सुट्यांत १४ एप्रिल लिहून घ्यावा. हे वर्ष सुरू होण्यापूर्वी ठरते, म्हणून अर्ज डिसेंबरात द्यावा, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नव्हे. आम्ही त्याचा साध्या मराठीत एक पानी मसुदा करून ठेवला आहे. वर आस्थापनेचे नाव, मध्ये कामगारांची संख्या, खाली सह्या. मारेगावच्या बहुतेक दुकानांत संख्येच्या जागी दोन किंवा तीन हाच आकडा येईल आणि तेथे तो अर्ज कायद्याने चालणार नाही. त्या दुकानांत गल्ल्यावर बसलेल्या शेठला तोंडीच विचारावे लागेल. पाच-सहा जणांनी मिळून जावे आणि एकट्या पोराला पुढे करू नये.